सेक्रेटरी व्हायचंय? बसा, चहा घ्या

फुटबॉल मनापासून आवडतो ना तुम्हाला? लहानपणी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेंगा खात उन्हात रापलाय? मेस्सी मोठा की मॅराडोना, या भांडणापायी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलंय? मग तुम्ही आमच्या कामाचे. कोल्हापुरातल्या एखाद्या लहानशा तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, फुटबॉल संघाचं सेक्रेटरीपद ताबडतोब घ्या. फुटबॉलच्या नादातून कायमचं सुटण्याचा याहून खात्रीचा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

मोठ्या तालमींविषयी मी बोलत नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांची गोष्ट निराळी. त्यांच्यामागे अख्ख्या पेठा उभ्या असतात, नायजेरियाहून आलेला स्ट्रायकर तांबडा रस्सा ओरपताना दिसतो, आणि सामन्याला पोलीस बंदोबस्त लागतो. आपल्या सामन्याला बंदोबस्ताचे पोलीस हेच प्रेक्षक, आणि तेही दुसऱ्या सामन्यासाठी लवकर येऊन बसलेले.

पद मिळवणं अवघड नाही. गणपतीचं विसर्जन झालं, मांडव उतरला, की तालमीत हिशेबाची बैठक बसते. तिथं फक्त एक निरागस प्रश्न टाकायचा : "यंदा पोरांच्या बुटांचं काय?" क्षणभर शांतता पसरेल. जाणती मंडळी एकमेकांकडं बघतील. मग कोपऱ्यातले आण्णा तंबाखू मळता मळता म्हणतील, "ह्यो पोरगा धडपड्या हाय." संपलं. टाळ्या. एक गंजकी ट्रंक, तीन चेंडू (पैकी एक हवा धरतो), पावतीपुस्तक आणि कपाटाची किल्ली तुमच्या हवाली होते. कपाटाला कुलूपच नाही, हे पुढच्या आठवड्यात कळतं.

आता पैसा. पेठेतली माणसं उदार आहेत, याबद्दल शंका नको. महिन्यापूर्वी त्यांनीच गणपतीला, म्हणजे मुख्यत्वे मिरवणुकीतल्या साउंडला, सढळ हातानं दिलेलं असतं. छातीत धडकी भरली, दोन घरांच्या काचा तडकल्या, पैसा सत्कारणी लागला. तुम्ही आता फुटबॉलची वर्गणी मागायला त्याच उंबऱ्यावर उभे.

"परवाच दिली की रं."

"ती गणपतीची, मामा. ही फुटबॉलची."

मामा आत जातात, बऱ्याच वेळानं पन्नासची नोट घेऊन येतात आणि आवाज खाली आणून सांगतात, "पावतीवर गणपतीच लिव्ह. फुटबॉल लिव्हलंस तर धाकटं मागं लागतंय, बूट घ्या म्हणून."

असल्या नोटांवर मोसम निघत नसतो, म्हणून प्रायोजक गाठायचा. जमिनीचे व्यवहार करणारे एखादे दादा हमखास तयार होतात. त्यांच्या अटीही माफक असतात : नाव छातीवर, फोटो बाहीवर, मोबाईल नंबर पाठीवर. खेळाडूचा नंबर? "घाला की कुठंतरी." आमच्या पोरांच्या पाठीवर एक वर्ष दहा आकडी मोबाईल नंबर होता आणि त्याखाली, चड्डीच्या नाडीजवळ, चार किंवा नऊ. पंचांनी पिवळं कार्ड दाखवून वहीत नेमका कुठला आकडा टिपून घेतला असेल, ते त्यांनाच ठाऊक. शिवाय दादांना एक भाचा असतोच. तो सरावाला येत नाही, पण पहिल्या अकरात असतो. त्याला उजव्या बगलेला उभा करायचा आणि चेंडू डावीकडूनच न्यायला पोरांना शिकवायचं. आमची डावी बाजू भक्कम आहे असं जाणकार म्हणतात, ते याच शास्त्रीय पद्धतीमुळं.

मग नोंदणी. पूर्वी कागदावर सही केली की पोरगं तुमचं. आता भारतीय फुटबॉल महासंघाची ऑनलाइन व्यवस्था आहे, आणि ती चांगलीच आहे. आधारवर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरं, आणि पेठ ज्या नावानं हाक मारते ते तिसरं. हे तिन्ही इसम एकच आहेत, हे तुम्ही संगणकाला पटवायचं. ओटीपी येतो खेळाडूच्या वडिलांच्या फोनवर. वडील ट्रक घेऊन हुबळीला. फोन लागतो तेव्हा ते म्हणतात, "आकडा-बिकडा सांगायचा न्हाई म्हणून बँकेनं सांगितलंय." बरोबरच आहे त्यांचं.

नोंदणीचे दिवस आले की खेळाडूंची पळवापळवी सुरू होते. दहाव्या वर्षापासून ज्याला तुम्ही चेंडू थांबवायला शिकवलंत, ज्याच्या पायातले बूट तुमच्या दिवाळीच्या बोनसमधले, तो चार दिवस फोन उचलत नाही. पाचव्या दिवशी त्याची आई बाजारात भेटते. "दादा, त्यानं लई सांगितलं बघा त्यांना, पण त्ये मानधन देतात, बूट देतात, पेट्रोल देतात." आपण काय देतो? सरावानंतर दोन केळी आणि एक उकडलेलं अंडं. तुम्ही हसून म्हणायचं, "मावशी, पोराचं भलं झालं, अजून काय पाहिजे?" घरी येऊन मग बायकोवर भाजीतल्या मिठावरून ओरडायचं. ही पद्धत सर्व तालमींत मान्य आहे.

आणि आशा सोडायची नाही. इंग्लंडातसुद्धा लीगबाहेरच्या चिल्लर क्लबांचा खेळ असाच आशेवर चालतो. जेमी वार्डी स्टॉक्सब्रिज नावाच्या लहान क्लबात आठवड्याला ३० पौंडांवर खेळायचा आणि दिवसा कारखान्यात राबायचा. २०१६ साली त्यानं लेस्टर सिटीबरोबर प्रीमियर लीग जिंकली. ही गोष्ट मी आमच्या पोरांना इतक्यांदा सांगितलीय की परवा एकानं विचारलं, "त्या स्टॉक्सब्रिजच्या सेक्रेटरीचं पुढं काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. घरचं उदाहरणही आहेच. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तेव्हापासून नऊ वर्षांच्या पोराचे वडील सेक्रेटरीला गाठून विचारतात, "ह्येचं कधी हुईल?" पोरगं त्या वेळी गोलपोस्टला बांधलेल्या शेळीशी खेळत असतं.

सरावाला मैदान लागतं, ही एक जुनी समजूत. पावसाळ्यात आमच्या गांधी मैदानात पाणी साचतं. पाणी ओसरलं की क्रिकेटवाले येतात, पहाटे फिरायला येणारे येतात, मोटार शिकणारे येतात, आणि या सगळ्यांना हटवून कुणाच्या तरी सभेचा मांडव येतो. सभा संपते, खांबांचे खड्डे राहतात. आमचा बचावपटू अंधारातसुद्धा त्या खड्ड्यांना वळसा घालून चेंडू काढतो. शाहू स्टेडियमच्या सपाट हिरवळीवर मात्र बावरतो बिचारा.

पण खरी मौज खेळाडू जमवण्यात. आमचा गोलकीपर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत आहे, दुपारची पाळी. सामनाही दुपारी. म्हणजे सुपरवायझरला फोन तुम्हीच करायचा. इथं नवखे लोक आजारपण, लग्न, सुतक असली कारणं पुढं करतात. त्याचा उपयोग नाही. आधी सुपरवायझर कुठल्या पेठेचा, ते काढा. मी ते न काढता एकदा सरळ खरं बोललो. त्यानं गोडीनं विचारलं, "मॅच कुणाबरोबर हाय?" मी सांगितलं. पलीकडून जरा वेळ भट्टीचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "न्हाई जमणार. अर्जंट ऑर्डर हाय." सामन्याला स्टेडियमवर तो समोरच्या गर्दीत झेंडा घेऊन नाचताना दिसला. अर्जंट ऑर्डर बहुतेक निघाली असावी.

फुटबॉलच्या नियमात सात खेळाडू हजर असले तरी सामना सुरू करता येतो. हा नियम ज्यानं घातला तो नक्कीच आमच्यासारख्या संघाचा सेक्रेटरी असणार. मार्चमधल्या त्या दुपारी माझ्याकडं सहा होते. दोघं बारावीच्या पेपरला बसलेले, एक पाळीवर, दादांचा भाचा लग्नाला, उरलेले "आलोच" म्हणणारे. कोल्हापुरात "आलोच" म्हणजे माणूस अजून अंघोळीला गेलेला नाही. पंच घड्याळ बघत होते. तेवढ्यात फाटकातून ते दोघं बारावीवाले पळत आले. कॉलेजच्या पांढऱ्या शर्टाच्या आत जर्सी, कानामागं पेन. बूट होते, पण शिनगार्ड घरी राहिलेले, आणि शिनगार्डशिवाय पंच आत सोडत नाहीत. त्यातल्या एकानं शांतपणे परीक्षेचं पुठ्ठ्याचं पॅड गुडघ्यावर ठेवून मोडलं, चार तुकडे केले, दोन स्वतःच्या मोज्यात घातले, दोन मित्राला दिले. पंचांनी नडगीवर टकटक करून पाहिलं. टणक लागलं. आठ झाले, शिट्टी वाजली.

"पेपर कसा गेला?" मी ओरडून विचारलं.

"फिजिक्स होता," तो म्हणाला आणि पळाला.

आता सामना बघायला मिळेल असं तुम्हाला वाटत असेल. दहाव्या मिनिटाला कुणाचा तरी पाय मुरगळतो. पेटीतला स्प्रे मागच्या मोसमातच संपलेला. बर्फासाठी तुम्ही स्टेडियमबाहेरच्या रसवंतीकडं धावता. रसवंतीवाला ओळखीचा असला तरी लादी फोडायला त्याला गिऱ्हाईक संपावं लागतं. बर्फ गोणपाटात गुंडाळून देतो, त्याला उसाचा आणि आल्याचा वास असतो. आमच्या पोरांचे घोटे त्या वासावरून ओळखू येतात. त्या दिवशी मी तिथं उभा असताना आतून मोठा गलका आला. रसवंतीवाला म्हणाला, "गोल झाला वाटतं." मी म्हटलं, "व्हय. कुणावर झाला, त्ये बघायला पाहिजे." आमचाच होता. मोसमातला पहिला. कसा झाला याचं वर्णन मी आजवर अकरा जणांकडून ऐकलंय आणि अकरा तऱ्हांनी ऐकलंय. दादांचे लोक तर तो भाच्यानं मारला असं सांगतात.

मुरगळलेल्या पायाचं ठीक आहे, तो आठवड्यात बरा होतो. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तर काय करायचं, याचा सल्ला माझ्याकडं नाही. चषकाच्या डिजिटल फलकावर छापायला सतरा शुभेच्छुकांचे फोटो एका रात्रीत गोळा होतात. पोराच्या एमआरआयसाठी त्याच सतरा जणांना फोन लावून बघा. त्या महिन्यात सगळे देवदर्शनाला गेलेले असतात. पोराची आई तुम्हाला काही बोलत नाही, ते जास्त वाईट. चहा मात्र करते.

जर्सी धुणं हे सेक्रेटरीचं काम आहे असं तालमीच्या घटनेत कुठंही लिहिलेलं नाही. घटनेत तसं लिहायची कुणाला गरजच वाटली नाही. गच्चीवर अठरा जर्सी वाळत घालायच्या, अठरा चड्ड्या, आणि छत्तीस मोजे. मोजे पस्तीसच भरतात. दर सामन्याला पस्तीस. छत्तिसावा मोजा कुठं जातो, या प्रश्नावर मी ज्या तळमळीनं विचार केलाय, तितका देवाच्या अस्तित्वावर केला नाही. शेजारच्या काकू गच्चीवर येऊन पाठीवरचा मोबाईल नंबर वाचतात आणि विचारतात, "ह्या नंबरवर प्लॉट मिळतोय का?" मिळतो. मी दोघांना मिळवून दिलाय.

रात्री कट्ट्यावर जायचं टाळा. तिथं हरलेल्या सामन्याचं शवविच्छेदन चालतं, आणि प्रेत तुमचं असतं. एक जुने पैलवान आहेत, गंगावेशीत जाऊन रोज रात्री म्हशीचं धारोष्ण दूध पिणारे. फुटबॉल त्यांनी कधी खेळला नाही, पण त्यांचं निदान ठरलेलं : "पोरं दूध पीत न्हाईत." गोलकीपर पाळीवर होता म्हणून उजवा बचावपटू गोलात उभा केला, असं तुम्ही सांगू लागता. ते हात वर करून तुम्हाला थांबवतात. "त्येनं दूध प्यायलं हुतं का?"

आणि हिशेब. तालीम नोंदणीकृत संस्था असल्यामुळं धर्मादाय कार्यालयाला वर्षाचा जमाखर्च दाखवावा लागतो. बर्फ, केळी, रिक्षा, पंक्चर, पंचांचा चहा, बारावीवाल्यांचं नवं पॅड, हे सगळं तुम्ही 'किरकोळ' या सदरात टाकता. आमच्या ताळेबंदात किरकोळ हा सगळ्यात मोठा आकडा आहे. ऑडिटर दरवर्षी चष्मा काढून बघतात.

मोसम संपला, मृग लागला, की तुम्ही राजीनामा द्यायचं ठरवाल. जरूर द्या. मी दरवर्षी देतो. मजकूर फोनमध्ये तयारच आहे, फक्त साल बदलायचं. राजीनामा मंजूर करायला बैठक लागते. बैठकीची सूचना सेक्रेटरीनं काढायची. निरोप सेक्रेटरीनं द्यायचे. इतिवृत्ताचं पुस्तक सेक्रेटरीच्या घरी, कारण कपाटाला कुलूप नाही. यंदाही काढली बैठक. आमच्या घटनेप्रमाणं गणपूर्तीला सात जण लागतात. आण्णा आले, मामा आले, पैलवान दूध पिऊन आले, दादांनी भाच्याला पाठवला, खजिनदार आले. माझ्यासकट सहा. आम्ही अर्धा तास थांबलो. सातव्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "आलोच."

बैठक तहकूब झाली. चहाचे सहा कप मी किरकोळमध्ये टाकले.