खुलासा : आल्प्सच्या उन्हाळी सहलीत गरम कपडे लागतात

‘युरोपात जून-जुलैत उन्हाळा असतो, खान्देशचं ऊन सोसणाऱ्यांना स्वेटरचं ओझं कशाला,’ असा संदेश सध्या जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. त्यातला पहिला भाग बरोबर असला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आणि वयस्कर प्रवाशांसाठी धोक्याचा आहे.

उंची वाढते तशी हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन सुमारे 570 मीटरवर, तर तिथून रेल्वेने गाठायचे युंगफ्राउयोख 3,454 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे. त्यामुळे खाली 22 अंशांची सुखद दुपार असताना वर तीन-चार अंश असू शकतात आणि वारा सुटला की तेही बोचतात. भुसावळच्या 45 अंशांची सवय इथे कामी येत नाही. एकच जाड स्वेटर नेण्यापेक्षा आत थर्मल, त्यावर लोकरीचे आणि वरून वारा-पाऊस अडवणारे जाकीट घालावे. बुटांचा तळ खाचांचा हवा, कारण तुडवलेला बर्फ फार निसरडा असतो. काळा चष्मा व सनस्क्रीनही हवेच. ताजा बर्फ बरेचसे अतिनील किरण परत फेकतो.

तितक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. टूर मॅनेजर सोबत असला तरी तो डॉक्टर नसतो.