झाडाचं बघू पुढं

परभणीत वसमत रोडला लवकरच एक भडक गुलाबी बंगला दिसेल. शिव्या द्यायच्या असतील तर मालकाच्या दाजींना द्या.

मी घरांची थ्रीडी एलेव्हेशन करून देतो, म्हणजे घर बाहेरून कसं दिसेल ते कॉम्प्युटरवर आधीच दाखवतो. लोकांना वाटतं, यात काय, टाईलचा फोटो भिंतीवर चिकटवला की झालं. सपाट भिंतीचं एक वेळ ठीक. पण गोल खांब, कमान, जिन्याचा कठडा? शिंपी जुना सदरा उसवून पसरतो तसं ते सगळं शिवणी पाडून सपाट उलगडावं लागतं, मग फोटो बसतो. नाहीतर टाईल अशी ताणली जाते की बघवत नाही. एडविन कॅटमल नावाच्या माणसानं १९७४ साली वक्र पृष्ठभागावर चित्र चढवायची युक्ती अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मांडली आणि पीएचडी मिळवली. मी रोज तेच करतो, तर मला 'फोटो चिकटवणारं पोरगं' म्हणतात.

त्यात मालकांनी पाठवलेल्या टाईलच्या फोटोत त्यांच्याच चपलेचं टोक. फोटो लहान, भिंत मोठी, म्हणून तोच फोटो पुन्हा पुन्हा लावायचा. दर्शनी भिंतभर चपला उमटल्या. दुसरा फोटो मागितला तर म्हणे, "तेवढं काढा की तुमच्या कॉम्प्युटरात." काढलं. त्याचे पैसे कोण देतो?

दाजींच्या पोराला 'ओरिजिनल फाईल' हवी होती. फोटोंचं फोल्डरपण घे, असं बजावलं होतं. त्यानं नुसती ब्लेंडरची, म्हणजे माझ्या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरची, फाईल पेनड्राइव्हवर नेली. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. लॅपटॉपवर अख्खा बंगला गुलाबी आणि समोर दाजी, मांडीवर पोह्यांची बशी.

"वा! हाच कलर फायनल."

"दाजी, हा कलर नाही. फोटो सापडंना की ब्लेंडर असं गुलाबी दाखवतंय. बोंब मारायलंय ते."

"मारू द्या. उठून दिसायलंय का नाही?"

"गेट गुलाबी झालंय. कुंडीतलं झाडसुद्धा!"

"झाडाचं बघू पुढं." दाजींनी लिंबू पिळलं. "घराचं तोंड आग्नेयेला आहे. तिकडं लालसर चालतंय. कामून घाबरता?"

मी मालकांकडं बघितलं. मालक बायकोकडं बघत होते. घरच्या जावयाचा शब्द, मोडणार कोण?

मग मालकांना हिशेब सुचला. "आता टाईल नाहीतच, तर टाईल चिकटवायचे पैसे कामून द्यायचे?" दाजींनी मान डोलावली. खांब उलगडण्यात गेलेल्या माझ्या रात्री पोह्यांबरोबर गिळल्या गेल्या.

आता पेंटर फोन करायलाय, शेड कोणती म्हणून. सांगितलं: लाल पूर्ण, निळा पूर्ण, हिरवा शून्य. म्हणाला, "साहेब, डबा कोणता आणू ते बोला."

शेड सांगायचेही पैसे मिळणार नाहीतच.