प्लेट आत, माया बाहेर

टाळू रुंद करायची प्लेट मुलाच्या तोंडात बसते, पण गळी उतरवावी लागते ती सगळ्या घराच्या. दंतवैद्याच्या खुर्चीत प्लेट बसायला दहा मिनिटं पुरतात. खरी परीक्षा नाशिकच्या कॉलेज रोडवरून घरी पोहोचल्यावर सुरू होते. दारात आजी उभी, आत्या मुद्दाम आलेली, शेजारच्या काकू वाटी परत करायच्या निमित्ताने डोकावलेल्या. पोरगं तोंड उघडतं आणि तिघी एकदम म्हणतात, "अगं बाई! एवढंसं तोंड आणि एवढं मोठं लोखंड!" ते स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅक्रिलिक असतं, पण तो वाद त्या दिवशी घालू नये.

माझं मत आधीच सांगून टाकते. प्लेटचा शत्रू चिवडा नाही, चिक्की नाही, पोराचा हट्टही नाही. शत्रू माया. "जेवेपर्यंत तरी काढू दे की", "पाहुणे आलेत, राहू दे आज", "झोपेत गिळली म्हणजे?" ही तीन वाक्यं प्रत्येक घरात ठरलेली. तिन्हींत प्रेम भरपूर आणि शास्त्र शून्य. दाताच्या मुळाभोवती तंतूंचं पातळ वेष्टन असतं. प्लेटने दात ढकलला की ते एका बाजूला दबतं, दुसऱ्या बाजूला ताणलं जातं. म्हणून दुखतं, आणि दोन-चार दिवसांत विरतं. प्लेट काढून ठेवली की दात जुन्या जागेकडे परत निघतो. परवा काढलेली प्लेट आज घट्ट होते, घालताना पुन्हा पहिल्या दिवसाचं दुखणं, आणि ते बघून आजीला पुन्हा माया येते. सारखी काढघाल करणाऱ्या पोराचा पहिला आठवडा महिनाभर चालतो.

गिळण्याच्या भीतीचं उत्तर सोपं आहे. नीट बसलेली प्लेट तारेच्या आकड्यांनी दाढांना धरून असते, झोपेत सुटत नाही. सुटत असेल तर ती सैल आहे, आणि सैल प्लेट डॉक्टरांकडे न्यायची असते, उशीखाली ठेवायची नसते. बहुतेक डॉक्टर चोवीसपैकी बावीस तास घालायला सांगतात. उरलेल्या दोन तासांत ब्रश, पोहणं आणि कबड्डी. जेवताना ठेवायची की काढायची, हे प्लेटच्या प्रकारावर आणि डॉक्टरांवर अवलंबून. पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्या आणि जमलं तर चिठ्ठीवर लिहून घ्या. तुम्ही तोंडी सांगितलेलं आजी मानणार नाही, डॉक्टरांचं अक्षर मानेल.

आता "आमच्या वेळी नव्हती ही थेरं" म्हणणाऱ्या काकांसाठी एक तारीख. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजल या दंतवैद्याने साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या वरच्या जबड्यात स्क्रू बसवून तो रुंद केल्याचं लिहिलं, आणि तेव्हाच्या बड्या दंतवैद्यांनी त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवला नाही. म्हणजे थेर जुनं आहे आणि काकांची प्रतिक्रियाही जुनीच आहे. वरचा जबडा मधोमध एका सांध्याने जोडलेला असतो आणि लहान वयात तो सांधा पुरता पक्का झालेला नसतो. म्हणून हे काम सात ते बारा वर्षांच्या सुमारास काढतात. दाढांना सिमेंटने पक्कं चिकटवलेलं यंत्र हा सांधा उघडतं. काढघाल करायची प्लेट हळूहळू काम करते आणि मुख्यतः दाढांना बाहेर ढकलते.

प्लेट घरी आली की आधी ती हातात घेऊन नीट बघा. मधे स्क्रू, शेजारी बाण, मागे दोन्हीकडे दाढांना धरणारे आकडे (अ‍ॅडम्स क्लास्प म्हणतात त्यांना), समोर दातांवरून जाणारी बारीक तार. घालताना पाण्याने ओली करायची, टाळूला लावायची आणि दोन्ही अंगठ्यांनी मागच्या बाजूला वर दाबायची; टक् आवाज आला की बसली. मुलं मात्र ती जिभेवर ठेवून कचकन चावून बसवतात, कारण त्यात हात ओले होत नाहीत. या एका सवयीने आकडे वाकतात आणि एक दिवस तुटतात. काढताना बोटांची टोकं दोन्हीकडच्या आकड्यांत अडकवून दोन्ही बाजू एकदम खाली ओढायच्या. समोरच्या तारेला धरून ओढायची नाही. ती तार हाताशी असते, सोयीची असते, आणि एकदा वाकली की प्लेट पुन्हा धड बसत नाही. पहिल्या दिवशी आरशासमोर पाच-सात वेळा हे करून घ्या. बाबांनी "दे, मी काढतो" म्हणत पुढे येऊ नये; शाळेत बाबा नसतात.

पहिला प्रश्न लाळेचा. तोंडात काहीतरी आलंय म्हणजे खाऊच आला असणार, अशी लाळग्रंथींची प्रामाणिक समजूत होते आणि त्या कामाला लागतात. पहिल्या दिवशी, ज्याच्यावरून आम्ही गोदावरीचा पूर मोजतो त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्यासारखी परिस्थिती असते, तिसऱ्या दिवशी पाणी पायाशी येतं. उपाय एकच: थुंकायचं नाही, गिळायचं. अधूनमधून पाण्याचा घोट घेतला की गिळणं आपोआप होतं. उशीवर जुना टॉवेल टाका. सारखा रुमाल हातात देऊ नका, त्याने पोराचं सगळं लक्ष लाळेवरच राहतं.

दुसरा प्रश्न बोलण्याचा, आणि इथे नाशिककर मुलांवर शहराने खास अन्याय केलेला आहे. समोरच्या दातांच्या मागे, जिथे 'स', 'च', 'ज' म्हणताना जीभ जाते, तिथेच आता अ‍ॅक्रिलिकची भिंत. 'ळ' आणि 'ण' साठी जीभ वर वळवली की तीही प्लेटवरच आपटते. आणि आमच्या गावात जायचं म्हटलं तर कुठे? शालिमार, सीबीएस, शरणपूर रोड, सातपूर, सिडको. रिक्षावाल्याला "थिदको" ऐकू येतं आणि तो द्वारकेकडे वळतो. पण औषधही यातच आहे. दिवसातून पंधरा-वीस मिनिटं, प्लेट घालूनच, मोठ्याने वाचायचं. धडा वाचा, दुकानांच्या पाट्या वाचा, पाढे म्हणा. सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट यांच्यासारखा व्यायाम नाही. 'काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' हे घरातल्या सगळ्यांनी मिळून म्हणावं. प्लेट नसलेले बाबासुद्धा अडखळतात, आणि त्याने पोराला जो धीर येतो तो उपदेशाने येत नाही. आठवडा-दहा दिवसांत जीभ नवी जागा शोधते. तोवर "नीट बोल" म्हणू नका. वर्गशिक्षिकेला दोन ओळींची चिठ्ठी द्या, म्हणजे त्या आठवड्यात प्रकट वाचनाला उभं करणार नाहीत.

दुखण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोन ते चार दिवस दात ठणकतात, चावताना जास्त. वरण-भात, मऊ खिचडी, सांबारात बुडलेली इडली, शिरा. फारच कुरकुर असेल तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेला पॅरासिटामॉल. हिरडीला किंवा गालाला घासून चट्टा आला असेल तर प्लेट काढून, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या. तरी टोचतच असेल तर घरी कानस फिरवायची नाही. डॉक्टरांकडे जायचं, आणि जाण्याआधीचा दिवस प्लेट घालून ठेवायची. हा सल्ला क्रूर वाटतो, पण प्लेट दोन दिवस काढून ठेवली तर लाल चट्टा बरा होऊन जातो आणि नेमकं कुठे घासायचं ते डॉक्टरांना दिसत नाही.

खाण्याचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण हे नाशिक आहे. रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या पुढे मळ्यातल्या मिसळीला गेलं नाही तर रविवार झाला असं इथे कोणी मानत नाही. मिसळीत प्लेटला मानवत नाहीत अशा गोष्टी एकत्र नांदतात: मटकीची सालं प्लेटखाली शिरतात, फरसाण चिकटतं, पापडाचे तुकडे तारेत अडकतात, आणि तर्रीतली हळद पारदर्शक प्लेटला पिवळी करून सोडते. चिवडा त्याहून वाईट. एक पोहा टाळू आणि प्लेट यांच्यामध्ये गेला की पोराचा चेहरा बघवत नाही. चिक्की, ऊस, कडक गुळाची पोळी नकोच. द्राक्षं खुशाल खा. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत या शहराने प्लेटवाल्यांवर केलेला हा एकमेव उपकार. बेदाणे चिकटतात, ते राहू द्या.

पण मिसळीचा खरा धोका तर्री नाही, कागदी रुमाल आहे. पोरगं जेवायला प्लेट काढतं, रुमालात गुंडाळतं, ताटाशेजारी ठेवतं. टेबल आवरणारा येतो आणि कित्येक हजारांची वस्तू दह्याच्या रिकाम्या वाटीबरोबर बादलीत जाते. नंतर सगळं कुटुंब ती बादली उपसत असतं आणि मागच्या टेबलवरचे लोक आपली मिसळ बाजूला सरकवतात. म्हणून नियम एकच: प्लेट तोंडात किंवा डबीत, तिसरी जागा नाही. डबी कडक, भोकं असलेली, वर नाव आणि फोन नंबर. खिशात ठेवली तर तिच्यावर बसलं जातं. घरात कुत्रा असेल तर ती उंचावर ठेवा. लाळेचा वास लागलेली प्लेट कुत्र्यांना फार आवडते. आणि बेसिनजवळ आजीच्या कवळीची वाटी असेल तर दोन वाट्यांचे रंग वेगळे ठेवा. सकाळी घाईत चूक झाली तर आरडाओरडा दोन्ही पिढ्यांकडून होतो.

स्क्रू फिरवायचा वार ठरवून टाका. बुधवार सोयीचा, कारण गोदाघाटावर बाजार भरतो आणि घरात कोणालातरी पिशव्यांमुळे वार लक्षात असतो. आठवड्यातून एकदा की दोनदा, हे डॉक्टर सांगतील तसं. प्लेट हातात घ्यायची, किल्ली स्क्रूच्या भोकात घालायची, बाणाच्या दिशेने पाव वळसा. एवढ्याने प्लेट साधारण पाव मिलिमीटर रुंदावते. पुढचं भोक पूर्ण समोर येईपर्यंत फिरवायचं. अर्ध्यात थांबलं तर पुढच्या वेळी किल्ली घुसत नाही, आणि मग बाबा चष्मा, टॉर्च आणि आवाज तिन्ही काढतात. किल्ली बाहेर घेताना मागे ओढू नका, वळसा उलटा येतो. पक्कं चिकटवलेलं यंत्र असेल तर हेच काम तोंडात, बहुधा रोज: मुलाला आडवं झोपवायचं, मान मागे, किल्ली पुढून घशाच्या दिशेने ढकलायची, आणि तिला दोरा बांधून तो आपल्या बोटाला गुंडाळायचा, म्हणजे हातून सुटली तरी घशात जाणार नाही. त्या प्रकारात समोरच्या दोन दातांत फट पडते. शेजारच्या काकू "बिघडवले की हो दात" म्हणतील. फट पडणं म्हणजे सांधा उघडल्याची खूण. ती पुढे बरीचशी आपोआप भरते.

फिरवल्याची खूण कॅलेंडरवर करा, पण दुधाचे खाडे ज्या पेनने मांडता त्याने नको. नाहीतर महिनाअखेरीस दूधवाल्याचे चार दिवस कापले जातात आणि जबडा किती वाढला याचा हिशेब त्याला द्यावा लागतो. एखादा वार चुकला तर भरपाई म्हणून दोन वळसे एकदम देऊ नका. डॉक्टरांना फोन करा.

धुणं रोजचं. मऊ ब्रश, साधा साबण, गार पाणी. टूथपेस्टने अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत घाण बसते. गीझरच्या गरम पाण्याने प्लेट वाकडी होते. "उकळून घेतली की जंतू मरतात" हे बाटलीसाठी खरं, प्लेटसाठी नाही. बेसिनमध्ये थोडं पाणी साठवून त्यावर धुवा, हातातून निसटली तरी फुटणार नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन पंधरा-वीस मिनिटं बुडवा, मग ब्रश. एप्रिल-मेमध्ये डबी गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका. रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या किंवा शनी चौकातल्या रहाडीत (म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात) धप्पा मारायचा असेल तर प्लेट घरी ठेवून जा. पेशवेकाळापासून त्या रहाडीत काय काय पडलं असेल कोण जाणे, पण रंगाच्या त्या पाण्यात हात घालून प्लेट शोधणं कोणाच्याच बापाला जमणार नाही. मोडली तर तुकडे जपून आणा. झटपट चिकटवणारा गोंद लावू नका; तो तोंडात घालायचा नसतो, आणि तुकडे केसभर चुकीचे जुळले तरी दुरुस्ती अशक्य होते.

दर चार-सहा आठवड्यांनी तपासणी असते आणि तिथे माया उघडी पडते. डॉक्टर आधी पोराला उगाच गप्पांत ओढतात, "शाळा कुठली, सातपूरला का?" प्लेट घालून अजूनही जीभ अडखळत असेल तर ती घातली जात नाही, हे त्यांना तिथेच कळतं. मग प्लेट काढायला सांगतात. पोरगं चाचपडत असेल तर दुसरा पुरावा. मग टाळू बघतात. नियमित घालणाऱ्याच्या टाळूवर प्लेटच्या कडेचा फिकट ठसा उमटलेला असतो, नाहीतर नसतो. "दिवसभर घालतो हो" हे आजीचं वाक्य त्या ठशापुढे टिकत नाही. म्हणून पहिल्या तपासणीला आजीलाच सोबत न्या आणि ठसा दाखवून समजावण्याचं काम डॉक्टरांवर सोपवा. सुनेचं कोण ऐकतं?