नाऊरूच्या सरन्यायाधीशाची ‘सुखाची नोकरी’

‘जगातली सगळ्यात सुखाची नोकरी म्हणजे नाऊरूचा सरन्यायाधीश. बेट २१ चौरस किलोमीटर, माणसं दहा-बारा हजार. खटले नाहीत, समोर समुद्र, वशिल्यावर नेमणूक, वर कोणी विचारणारा नाही आणि निवृत्तीपर्यंत खुर्चीला हात लावायची कुणाची टाप नाही.’ हा मजकूर गेल्या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. त्यातला एक वकिलांचा ग्रुप! नाऊरू म्हणजे प्रशांत महासागरातला एक चिमुकला देश. म्हणून हा खटाटोप.

‘खटले नाहीत’ म्हणणाऱ्यानं आपल्याकडचा सातबारा आठवावा. नाऊरूची जमीन कुळाकुळांतून वारसाहक्कानं उतरत आली, आणि तिच्याखाली फॉस्फेट निघालं. एकेका तुकड्याला कितीतरी मालक, प्रत्येकाचा वाटा अपूर्णांकात, आणि त्या अपूर्णांकावर खाणीचे पैसे. म्हातारा गेला की वाटणी कशी, हे लँड्स कमिटी ठरवते. पटलं नाही की अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. भावकीचं भांडण बेट लहान म्हणून लहान होत नाही. उलट तिथे वादी-प्रतिवादी रोज एकाच रस्त्यावर भेटतात. बेटाला वळसा घालणारा मोठा रस्ता एकच आहे, जेमतेम १९ किलोमीटरचा. शिवाय ऑस्ट्रेलियानं तिथे ठेवलेल्या निर्वासितांची छावणी. जुलै २०१३ मध्ये तिथे दंगल झाली, इमारती जळाल्या, शंभरावर लोकांवर आरोप ठेवले गेले. तेवढे खटले तेवढ्याशा कोर्टासमोर.

समुद्र आहे, खराच. पण ऑस्ट्रेलियाचे जेफ्री ईम्स नाऊरूचे सरन्यायाधीश होते तेव्हा ते राहायचे ऑस्ट्रेलियात आणि कामकाजापुरते विमानानं यायचे. बेटावर कायम असणारे न्यायाधीश म्हणजे रेसिडेंट मॅजिस्ट्रेट पीटर लॉ. रजिस्ट्रारचं कामही त्यांच्याकडेच. ईम्सच्या आधीचे रॉबिन मिलहाउस तर काही वर्षं किरिबाती आणि नाऊरू अशा दोन देशांचे सरन्यायाधीश एकाच वेळी होते.

वशिल्याचं म्हणाल तर ईम्स यांचा पूर्वेतिहास बघा. तरुणपणी ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जला आदिवासींच्या कायदेशीर मदतीचं काम, ब्रिटिश अणुचाचण्यांच्या १९८४-८५ मधल्या चौकशीत आदिवासींची वकिली, मग व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश आणि पुढे तिथल्याच अपील न्यायालयात. हा माणूस वाळूत खुर्ची टाकून बसायला आला असेल असं मला तरी वाटत नाही.

‘वर कोणी नाही’ हे तर साफ चूक. १९७६ च्या करारानुसार नाऊरूच्या निकालावर बऱ्याच बाबतींत ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात (तिथलं सर्वात वरचं न्यायालय हेच) अपील करता येत असे. ऑक्टोबर २०१७ मध्ये याच हायकोर्टानं तीन आंदोलकांची शिक्षा वाढवणारा नाऊरूचा निकाल रद्द केला. डिसेंबरमध्ये नाऊरू सरकारनं करार संपवण्याची नोटीस दिली आणि मार्च २०१८ मध्ये तो दरवाजा बंद झाला. त्यानंतर बेटाला स्वतःचं अपील न्यायालय मिळालं. तो निकाल आणि ही नोटीस यांमधलं अंतर वाचकांनी स्वतः मोजावं.

आता खुर्चीला हात लावायची टाप. कागदावर हे अगदी बरोबर आहे. नाऊरूची राज्यघटना सांगते की सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायचं तर अक्षमता किंवा गैरवर्तन सिद्ध व्हायला हवं आणि संसदेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांशांचा ठराव हवा. संसद तेव्हा १९ जणांची. म्हणजे १३ हात वर व्हायला हवेत. पण जानेवारी २०१४ मध्ये काय झालं? बेटावरच्या दोन परदेशी रहिवाशांच्या हद्दपारीला लॉ यांनी तात्पुरती मनाई केली होती. सरकारला ते झोंबलं. १९ जानेवारीला, रविवारी, लॉ यांनाच पदावरून काढून विमानात बसवण्याची तयारी झाली. ईम्स यांनी ऑस्ट्रेलियातून मनाई हुकूम काढला. सरन्यायाधीशाचा हुकूम, लेखी, वेळेत. विमान तरीही लॉ यांना घेऊन उडालं. (नाऊरूची संसद धावपट्टीला लागूनच्या रस्त्यापलीकडे आहे, एवढ्या जवळून बेटावरचं विमान चुकून सुटलं म्हणायला जागा नाही.)

पुढचं पाऊल आणखी सोपं होतं. ईम्स सुनावणीसाठी यायला निघणार, तर सरकारनं त्यांचा व्हिसाच रद्द केला. ते परदेशी नागरिक. बेटावर उतरायला व्हिसा लागतो, आणि तो देणं न देणं मंत्र्याच्या हातात. न्यायालय बेटावर, सरन्यायाधीश ऑस्ट्रेलियात, अशी स्थिती काही आठवडे राहिली. व्हिसा परत मिळाला नाही. मार्च २०१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी फिजीचे जोनी मद्राइविवी आले. ते १३ हात संसदेत वर करायची वेळच आली नाही.