एका ओळीचा पॅच

लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या मोफत प्रोग्राममध्ये कुठेतरी एक चूक दिसते आणि आपल्यातला समाजसेवक जागा होतो. सोर्स, म्हणजे मूळ कोड, खुला आहे, दुरुस्ती (म्हणजेच पॅच) एका ओळीची आहे, मग घोडं अडलंय कुठे? ते ऑटोजेनमध्ये अडलंय, म्हणजे बिल्डला लागणारं सगळं मशीनवर आहे का ते तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये.

कोड क्लोन करून ऑटोजेनची स्क्रिप्ट चालवली की ती म्हणते, अमुक पॅकेज नाही. ते टाकावं, तर बाई पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासत येतात आणि तमुक नाही म्हणतात. एका दमात यादी देणं त्यांच्या स्वभावात नाही. डेबियन किंवा उबुंटूवर सोर्स रिपॉझिटरी चालू करून आधीच 'ॲप्ट बिल्ड-डेप लिबरऑफिस' म्हणावं. लागणारी बरीचशी पॅकेजं एकदम येतात आणि कटकट वाचते.

मग 'मेक', म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारी आज्ञा. पहिला बिल्ड साध्या लॅपटॉपवर काही तास चालतो. पंखा असा घोंघावतो की शेजारचा माणूस काळजीने बघतो. रॅम कमी आणि एकाच वेळी चालणारे कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारे) जास्त असले, तर शेवटी एवढाच शब्द उमटतो: 'किल्ड'. कोणी मारलं, का मारलं, चौकशी नाही. मेमरी संपली म्हणून लिनक्सनेच कंपायलरचा गळा दाबलेला असतो. ऑटोजेनच्या इनपुट फाइलमध्ये पॅरलेलिझम, म्हणजे एकाच वेळच्या कंपायलरांची संख्या, कमी करावा आणि आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारा सीकॅश पहिल्या दिवसापासून लावावा. तिथे आळस केला तर मी सहानुभूती दाखवणार नाही.

रायटरचा कोड 'एसडब्ल्यू' नावाच्या फोल्डरमध्ये असतो, कारण आडनाव अजून स्टाररायटरचंच आहे. हे घराणं 1985 सालचं, जर्मन. लिबरऑफिस वेगळं झालं ते 2010 मध्ये. त्यानंतरही कितीतरी वर्षं कोडमधल्या जर्मन टिपांचं इंग्रजी करणं चालू होतं. आपली ओळ सी++ कोडच्या सीएक्सएक्स फाइलमध्ये असेल तर फक्त तेवढं मॉड्यूल बिल्ड करून भागतं. हेडरमध्ये असेल, तर तो हेडर ज्यांनी ज्यांनी वापरलाय त्या सगळ्या फाइली नव्याने कंपाइल होतात आणि पंखा पुन्हा सुरू.

आता गेरिट, म्हणजे इतरांकडून कोड तपासून घेण्याची जागा. कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, मजकुरात चेंज-आयडी हवा: 'आय' हे अक्षर आणि पुढे 40 हेक्स अंक. हा आयडी 'हुक' नावाची छोटी स्क्रिप्ट आपोआप घालते, पण हुक बसवलेला असला तर! रिव्ह्यूत बदल सुचवला की तोच कमिट 'अमेंड' करायचा, म्हणजे सुधारायचा. नवा कमिट केलात तर नवा आयडी, आणि गेरिटच्या लेखी तुम्ही दुसराच विषय काढलेला असतो. शिवाय आपलं सगळं योगदान एमपीएल 2 आणि एलजीपीएल 3 या परवान्यांखाली दिलं, असं एकदा लेखी कळवायचं. एका ओळीसाठीसुद्धा.

पुढे जेन्किन्स, म्हणजे प्रत्येक पॅच आपोआप बिल्ड करून तपासणारा सर्व्हर. आपल्या मशीनवर जीसीसी या कंपायलरने निमूट स्वीकारलेला कोड तिथे क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या प्लगइनांपुढे उभा राहतो आणि वॉर्निंगलाच एरर मानलं जातं. विंडोज आणि मॅकची परीक्षा वेगळीच. कधीकधी आपल्या ओळीशी काडीचा संबंध नसलेली टेस्ट नापास होते. अशा वेळी बिल्ड पुन्हा चालवून घ्यावा, कोडला हात लावू नये.

शेवटी रिव्ह्यूअर 'अधिक दोन', म्हणजे मंजुरी, देतो आणि पॅच मास्टर या मुख्य शाखेत जातो. मात्र मास्टर म्हणजे पुढची मोठी आवृत्ती. चालू आवृत्तीत दुरुस्ती हवी असेल, तर तीच ओळ उचलून रिलीज ब्रँचवर लावायची, म्हणजे चेरी-पिक करायची. त्यासाठी गेरिटवर वेगळा रिव्ह्यू लागतो. आणि वेगळा जेन्किन्स.