फुटपाथच्या उतारांवर घेतले जाणारे आक्षेप

गोव्यातील अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर पुढे पाठवला जात आहे. फुटपाथची दुरुस्ती करताना प्रत्येक कोपऱ्यावर उतार बांधण्याचा आग्रह म्हणजे जनतेच्या पैशांची नासाडी आहे, असे त्याचे सार आहे. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस रस्त्यावर दिसत नाही, उतारांचे नियम केवळ शिफारशी आहेत, उतार केला की त्यावरून स्कूटर चढतात, पावसाचे पाणी दुकानांत शिरते, जुन्या वाड्यांत, म्हणजे जुन्या वस्त्यांत, त्यासाठी जागाच नाही आणि म्हणून आधी साधा फुटपाथ नीट करावा, उतारांचे नंतर पाहावे, असे सहा मुद्दे त्यात मांडले आहेत. लिहिणाऱ्याने आपले रस्ते डोळे उघडे ठेवून पाहिले आहेत, हे मान्य करायला हवे. त्यातली निरीक्षणे बरीचशी खरी आहेत, परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष एकाही ठिकाणी टिकत नाही.

चाकाच्या खुर्चीवरचा माणूस दिसत नाही, हा पहिला मुद्दा. आमच्या शेजारच्या काकींना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्या खुर्चीवर आहेत. औषधांचे दुकान घरापासून तीनशे पावलांवर असून तिथपर्यंत अखंड फुटपाथही आहे. मात्र त्यावर चढण्यासाठी खुर्ची दोघांनी उचलावी लागते आणि पुढच्या गल्लीच्या तोंडाशी उतरण्यासाठी पुन्हा तेच करावे लागते. त्यामुळे त्यांची मुलगी त्यांना रविवारी सकाळी सात वाजता, वाहने नसताना, हॉटमिक्सच्या, म्हणजे डांबरी रस्त्याच्या, कडेने ढकलत नेते. सोमवारी अकरा वाजता त्याच रस्त्यावर उभे राहून खुर्च्या मोजणाऱ्याला त्या कशा दिसणार? 2011 च्या जनगणनेत गोव्यात 33 हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली आणि साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सुमारे 11 टक्के भरले, जे केरळखालोखाल देशात सर्वाधिक होते. गुडघे दुखणारा, काठी टेकणारा, नुकतेच ऑपरेशन झालेला माणूस कोणत्याही दिव्यांग यादीत नसतो, तरी 15 सेंटिमीटरची पायरी त्यालाही अडवते. मग तो रस्त्यावरून चालतो, आणि रस्त्यावरून चालणे ही केवळ गैरसोय नाही, कारण 2022 या एका वर्षात देशभरातील रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडलेल्यांत 32,825 पादचारी होते.

जानेवारी 2023 मध्ये राज्याने दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट हा महोत्सव पणजीत भरवला, तेव्हा राजधानीत चाकाच्या खुर्च्या सहज दिसत होत्या. त्यांतले बरेच जण बाहेरून आले होते, हे खरे. पण वाट मिळाली की माणसे बाहेर पडतात, एवढे तरी त्यातून कळावे.

नियम केवळ शिफारशी आहेत, हा दुसरा मुद्दा अर्धवट माहितीवर उभा आहे. फुटपाथला उतार देण्याची गोष्ट आपल्या कायद्यात आज आलेली नाही. 1995 च्या दिव्यांगविषयक कायद्याच्या कलम 45 मध्ये, चाकाच्या खुर्चीसाठी पदपथांच्या कडा कापून उतार करावेत, असे सरकार व स्थानिक संस्था या दोघांनाही सांगितलेले होते. त्या कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी एक पळवाट होती आणि तिच्यातून सगळी शहरे वीस वर्षे आरामात निसटली. 2016 च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने तो कायदा बदलला. त्याच्या कलम 41 मध्ये सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, रस्त्यांची जबाबदारी सरकारवर टाकलेली असून जुन्या वाहतूक साधनांच्या बाबतीत ठेवलेली आर्थिक व्यवहार्यतेची सवलत रस्त्यांच्या उपकलमात नाही. मोजमापे मात्र या अधिनियमाखालील नियमांतून मार्गदर्शक तत्त्वांवर सोडली गेली होती, आणि संदेश लिहिणाऱ्याने बोट ठेवले आहे ते इथेच. नेमका हाच दोष सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेविषयीच्या राजीव रतुरी प्रकरणातील 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात दाखवून दिला. कायदा सक्ती सांगतो आणि नियम शिफारशींवर भागवतो, हे विसंगत असल्याचे ठरवून न्यायालयाने नियम 15 चा संबंधित भाग अवैध ठरवला आणि बंधनकारक मानके स्वतंत्रपणे करण्यास केंद्राला सांगितले. पुढे 14 मे 2025 रोजी त्याच न्यायालयाने, दिव्यांगांना वापरता येतील असे अडथळामुक्त फुटपाथ मिळणे हा घटनेच्या कलम 21 खालील हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. तेव्हा ‘शिफारस’ या शब्दाचा आधार आता उरलेला नाही.

उतारावरून स्कूटर चढतात, हा तिसरा मुद्दा मी रोज पाहतो. पण उतार नसलेल्या ठिकाणीही स्कूटर चढतातच. दुकानांसमोर कुठे लोखंडी पत्रा टाकलेला असतो, कुठे सिमेंटचा ओबडधोबड लगदा थापलेला असतो, आणि गाडी आत घेण्यासाठी फाटकापुढे फुटपाथ कापणे तर आपण घरमालकाचा जन्मसिद्ध अधिकारच मानतो. तो उतार उधळपट्टी आहे, असे कोणी कोणाला लिहून पाठवल्याचे आठवत नाही. वाहनांना रोखण्यासाठी खांब रोवता येतात, परंतु त्यांच्या बाबतीत एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. खुर्चीला मोकळी 90 सेंटिमीटर वाट लागते आणि स्कूटर त्याहून अरुंद असते. म्हणून स्कूटरला अडवणारे खांब खुर्चीलाही अडवतात. खांब मोटारगाड्यांसाठी आहेत. स्कूटरवर उपाय दंडाचा, आणि फुटपाथवर वाहन चालवण्यास मनाई करणारे नियम आपल्याकडे आधीपासून आहेत. ते पाळले जात नाहीत, म्हणून पादचाऱ्याची वाट बंद ठेवणे हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे झाले.

पाण्याचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्या दिवसांत फुटपाथची कड हीच रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याची भिंत असते. ती भिंत उताराच्या जागी खाली येते, हे खरे. मात्र सरळ उतार फुटपाथला मिळतो, तिथे त्याचा माथा फुटपाथच्याच उंचीवर असतो. म्हणजे दुकानाकडे जाण्यासाठी पाण्याला त्या जागीही पूर्वीइतकेच, 15 सेंटिमीटर, चढावे लागते. दुकानात पाणी शिरत असेल तर त्याचे कारण गटारात किंवा रस्त्याच्या वाढलेल्या उंचीत शोधावे.

खरा त्रास उताराच्या पायथ्याशी होतो. आमच्या शहरात नव्याने बांधलेला एक उतार मी सुताराच्या टेपने मोजला. फुटपाथची उंची 20 सेंटिमीटर होती आणि उताराची लांबी अवघी 60. एकास तीन असा हा चढ खुर्चीवरच्या माणसाला स्वतःच्या हातांनी चढणे अशक्य आहे आणि उतरताना तो तोंडावर पडण्याची भीती आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या आयआरसी 103 या संहितेत एकास बारा हे प्रमाण दिलेले आहे, त्या हिशेबाने इथे लांबी 2.4 मीटर हवी होती. फुटपाथ मुळात संहितेप्रमाणे 15 सेंटिमीटरच्या आत ठेवला असता, तर 1.8 मीटरमध्ये काम झाले असते. त्यातच उतार पूर्ण झाल्यावर रस्त्यावर हॉटमिक्सचा नवा थर पडला. जुना थर खरवडून न काढल्यामुळे रस्ता उताराच्या पायथ्यापेक्षा तीन सेंटिमीटर वर गेला आणि मध्ये एक खळगा तयार झाला. पहिल्याच पावसात त्यात पाणी साचले, मग गाळ, मग शेवाळ. त्यावरून एक शाळकरी मुलगा घसरलेला मी पाहिला. संदेश लिहिणाऱ्याने असाच एखादा उतार पाहिला असावा, आणि त्याचा संताप समजण्यासारखा आहे. पण त्या जागी पाणी ओढणारी जाळी उताराच्या वरच्या अंगाला, म्हणजे वाहते पाणी पायथ्याशी पोहोचण्याआधी, बसवायची असते. तिच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि इतक्या अरुंद ठेवायच्या असतात की पुढचे लहान चाक त्यांत अडकणार नाही. आणि नवा थर टाकण्यापूर्वी जुना खरवडायचा असतो. यांतले काहीही अवघड अभियांत्रिकीचे नाही.

जुन्या वाड्यांबद्दलचा आक्षेप बराचसा मान्य आहे. पणजीच्या फोंतायन्याससारख्या भागात अनेक ठिकाणी फुटपाथ इतका अरुंद आहे की त्यात 1.8 मीटरचा उतार बसणार नाही. अशा जागी कोपऱ्याचा सगळा फुटपाथच हळूहळू खाली आणतात, किंवा उलट ओलांडण्याच्या जागी रस्ताच फुटपाथच्या पातळीला उचलतात. दुसऱ्या प्रकारात वाहनांचा वेगही आपोआप कमी होतो. पहिल्या प्रकारात मात्र कडेची भिंत खरोखरच नाहीशी होते, म्हणून तिथे गटाराची जाळी चुकवून चालत नाही.

उरतो शेवटचा मुद्दा, आणि तोच सर्वांत जास्त लोकांना पटलेला दिसतो: आधी साधी दुरुस्ती, उतार नंतर. हिशेब याच्या नेमका उलट आहे. 1.2 मीटर रुंद आणि 1.8 मीटर लांब उतार म्हणजे दोन चौरस मीटरच्या आसपास काँक्रीट. फुटपाथ उखडलेला, कडेचे दगड काढलेले, मजूर आणि मिक्सर जागेवर असताना त्याचा वेगळा खर्च फारसा जाणवत नाही. तेच काम दोन वर्षांनी करायचे म्हटले, तर नव्या लाद्या फोडा, नवी निविदा काढा, पुन्हा रस्ता अडवा. अमेरिकेत हा वाद न्यायालयात गेला होता. फिलाडेल्फिया शहर रस्त्यांवर नवा थर टाकत होते, पण कोपऱ्यांवर उतार करत नव्हते. थर टाकणे हा रस्त्यातला बदलच आहे आणि म्हणून त्याबरोबर उतार केलेच पाहिजेत, असे तिथल्या अपील न्यायालयाने 1993 मध्ये किनी विरुद्ध येरुसालिम या खटल्यात ठरवले. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर हॉटमिक्सची कामे निघतात, तेव्हा ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात उताराची ओळ आहे का, एवढे कोणीही माहिती अधिकारात विचारू शकतो.

मी मोजलेल्या त्या उताराच्या माथ्यावर, अगदी मधोमध, विजेचा खांब आहे. रस्ता एका खात्याचा, फुटपाथ दुसऱ्या संस्थेचा, खांब तिसऱ्याचा. खांब हलवण्यासाठी मी केलेला अर्ज आतापर्यंत दोन टेबलांवरून पुढे गेला असून तिसऱ्यावर पडून आहे. काकी अजून रविवारी सकाळी सातलाच निघतात.