'चोचले' या शब्दाबद्दल थोडंसं

'जुना रायडर' या नावाने लिहिणारे महोदय,

हीटेड जॅकेटवरच्या (म्हणजे मोटरसायकलच्या विजेवर तापणाऱ्या जॅकेटवरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "थर नीट घातले की या असल्या कपड्यांची गरजच नाही. हौशी लोकांचे चोचले. वायर तुटली तर काय कराल? आणि छोट्या गाडीच्या चार्जिंगचं काय?"

आधी माझी चूक. जॅकेटला 'सात वॅट' लागतात असं लेखात पडलं होतं, ते सात अँपिअर हवं. दुरुस्त केलंय. (ती तुम्ही दाखवली नव्हती, हेही सांगून ठेवतो.)

आता चोचले. मतभेद असावेत हो, पण समोरच्याने काय काय करून पाहिलंय हे न विचारता थेट हौशी? मी १९ हिवाळे गाडी चालवतोय आणि त्यातले पहिले ११ तुमच्याच पंथात काढलेत. थर्मल, लोकरीचा स्वेटर, फ्लीस, जॅकेट, वरून रेनकोट. छातीशी वर्तमानपत्रंसुद्धा कोंबून झालीत. चालताना गोधडीला पाय फुटल्यासारखा दिसायचो.

अशाच एका पहाटे, दोन तास सलग चालवून पेट्रोल पंपावर थांबलो. हेल्मेटचा पट्टा सुटेना. कडी बोटांना लागत होती, पण बोटं माझी नव्हतीच. शेवटी पंपावरच्या पोराने, लहान मुलाच्या शर्टाचं बटण काढावं तसा तो पट्टा काढून दिला. तेव्हा मला लाज वाटली ती त्या पोराची नाही. त्याच बोटांनी मी गेले वीसेक किलोमीटर पुढचा ब्रेक धरत होतो, याची वाटली.

थर कमी होते का? पाच होते. थर ऊब धरून ठेवतात, तयार करत नाहीत. ऊब तयार करायची शरीराने, आणि गाडीवर आपण नुसते बसलेलो असतो; स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता निघते. बाहेर ५ अंश आणि वेग ८०, तर उघड्या कातडीला ते उणे ३ च्या आसपास वाटतं. धड गार पडायला लागलं की शरीर आधी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्त आत राखतं. म्हणून बोटं गारठतात तेव्हा दोष दर वेळी हातमोज्यांचा नसतो. ७०-९० वॅटचं जॅकेट छाती-पाठ गरम ठेवतं आणि साध्या हातमोज्यांतली बोटंही जागी राहतात. आणखी जाड हातमोजे घालून पाहा, क्लचचा अंदाज जातो. पण हे तुम्हाला माहीत असणारच, तुम्ही 'जुने' आहात.

आणि हा शोध आमच्यासारख्या हौशींचा नाही बरं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर विमानांतल्या पोरांना विजेवर तापणारे सूट दिले होते, कारण तितक्या उंचीवर, उणे ४० अंशांत, नुसत्या मेंढीच्या कातड्याने भागत नव्हतं. त्यांचेही चोचलेच असावेत.

वायर तुटण्याचं म्हणाल तर चेनही तुटते, म्हणून कोणी चालत जात नाही. त्या बॉम्बरवाल्यांच्या एफ-१ सूटमध्ये सगळी तार दिव्यांच्या माळेसारखी होती, एका जागी तुटली की अख्खा सूट थंड. मग एफ-२ मध्ये जोडणी समांतर केली, म्हणजे एक तार तुटली तरी बाकीच्या चालू. म्हणजे हा प्रश्न तुमच्या आधी कोणालातरी पडला होता. शिवाय माझ्या हीटेड जॅकेटवर फ्लीस असतेच, तिच्यावर वाऱ्याचं जॅकेट, आणि बॅगेत रेनकोट. (हसू नका.)

छोट्या गाडीचं लेखातच होतं, शेवटून दुसरा परिच्छेद. जिचा अल्टरनेटर (इंजिनावर वीज तयार करणारा भाग) जेमतेम १५०-२०० वॅट देतो, आणि त्यातच हेडलाइट, इग्निशन भागवतो, तिच्यावर जॅकेट लावू नका. तापणारे हातमोजे घ्या, जोडीला २५-३० वॅट पुरतात. आणि सिग्नलला उभं असताना बंद करा, आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं मंद चालू असताना, चार्जिंग पडतं.

तो परिच्छेद तुम्ही वाचला असतात तर मला आज हे लिहीत बसावं लागलं नसतं. पुढच्या वेळी खरं नाव लिहिलंत तर बरं वाटेल.